उत्क्रांती पटली, आता देवाचं काय?

"उत्क्रांती खरी असेल तर देवाने घडवलेला पहिला माणूस आदाम नाही, आदाम नाही तर पाप नाही, आणि पापच नाही तर प्रभू येशू मेला कशासाठी?" समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती तरुणांकडून हा प्रश्न मी या ना त्या शब्दांत नेहमी ऐकते. हा अनुभव त्यांच्यातल्याच एकाचा आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो जनुकशास्त्रात एम.एस्सी. करत होता. वडील चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर, आई प्रार्थनासभा चालवणारी, तो स्वतः संडे स्कूलमध्ये शिकवणारा. आला तेव्हा त्याची झोप पार उडालेली होती. रात्र रात्र मोबाइलवर वादविवाद ऐकायचा: आधी देव नाही म्हणणाऱ्याचा, मग त्याला खोडून काढणाऱ्या पाळकाचा, मग पुन्हा पहिल्याचा. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून चर्चमध्ये वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेणंही त्याने बंद केलं होतं. तबक समोर आलं की मान खाली घालून पुढे सरकवायचा. शेजारी बसलेली आई काहीच विचारत नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

त्यात संडे स्कूलमधल्या एका चिमुरडीने विचारलं, "दादा, डायनासोर कितव्या दिवशी झाले?" बायबलच्या सुरुवातीला देव सहा दिवसांत जग घडवतो; त्याने पाठ असलेलं उत्तर दिलं, सहाव्या. "मॅडम, त्या क्षणी मला माझी लाज वाटली," तो म्हणाला.

अशा वेळी मी देवधर्माच्या चर्चेत लगेच शिरत नाही. आधी झोप. रात्रीचे व्हिडिओ बंद, प्रश्न दिवसा वहीत लिहायचे आणि आमच्या भेटीत काढायचे, एवढंच ठरवलं. भेदरलेल्या मनाला रात्री दोन वाजता कुठलाच युक्तिवाद धड तोलता येत नाही. झोप थोडी सावरल्यावर मी त्याला म्हटलं, तुला काय पटलंय ते मला समजावून सांग.

त्याने कागद ओढला आणि गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले जनुकांचे धागे, काढली. माणसात २३ जोड्या. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. माणसाचं दोन क्रमांकाचं गुणसूत्र समान पूर्वजाकडून आलेली दोन जुनी गुणसूत्रं जोडली जाऊन झालेलं आहे. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारा क्रम तिथे मधोमध सापडतो, बरोबर जोडाच्या जागी. "हे मी स्वतः संगणकावर उघडून पाहिलंय. न पाहिल्यासारखं कसं करू?"

मी म्हटलं, करू नकोस. मीही याच विश्वासात वाढले आहे, आणि प्रामाणिकपणे पाहिलेली गोष्ट नाकारल्याने देवाचा मान वाढतो असं मला कधीच वाटलेलं नाही.

त्याची सगळी श्रद्धा एकाच खुंटीला टांगलेली होती: २४ तासांचे सहा दिवस. ती निखळली की सगळंच खाली येणार, हीच त्याची भीती. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ येईपर्यंत सगळे ख्रिस्ती हेच मानत होते, अशी त्याची समजूत होती. पण पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकावर लिहिताना म्हणतात की हे दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे समजू नयेत. सूर्य तर चौथ्या दिवशी येतो. आकाश, तारे, प्राणी यांच्याबद्दल अडाणीपणाने बोलून पवित्र शास्त्राचं हसं करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी चांगलंच खडसावलं आहे. अशांनी पुनरुत्थानाची गोष्ट सांगितली तर ऐकणारा विश्वास का ठेवील, असा त्यांचा सवाल आहे. पृथ्वी ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाली हा हिशेब आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये मांडला. पवित्र शास्त्रात तो आकडा कुठेही नाही. डार्विनचा अमेरिकेतला खंदा पाठीराखा, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, हा चर्चला जाणारा श्रद्धावान होता. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प पूर्णत्वाला नेणारे फ्रान्सिस कॉलिन्स ख्रिस्तीच आहेत. खुद्द डार्विनने १८७९ च्या एका पत्रात म्हटलं आहे की माणूस कळकळीचा आस्तिक आणि उत्क्रांती मानणारा असू शकतो, यात शंका घेणंच त्याला चुकीचं वाटतं.

अशा नावांनी प्रश्न सुटत नाही, पण एकटेपण कमी होतं. त्याच्या बाबतीत तेवढ्याचीही फार गरज होती.

मग आम्ही उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय एकापाठोपाठ मोठ्याने वाचले. पहिल्यात झाडं, प्राणी आणि शेवटी माणूस. दुसऱ्यात आधी मातीतून माणूस, मग बाग, मग प्राणी. तो मध्येच थांबला, पान मागे उलटलं, पुन्हा वाचलं. हे अध्याय लहानपणापासून पाठ असूनही क्रमातला फरक त्याच्या ध्यानात आला नव्हता. ज्यांनी हे दोन्ही शेजारी शेजारी जपले, त्यांना क्रमाची नोंद ठेवायची नव्हती. हे सगळं कुणाचं आणि आपण कुणाचे, हे सांगायचं होतं. निदान मला तरी तसं दिसतं.

नंतर १३९ वं स्तोत्र काढलं. आईच्या उदरात देवाने मला घडवलं, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. मी विचारलं, "पेशींचं विभाजन होत होत गर्भ वाढतो हे तू शिकलास, तेव्हा हे स्तोत्र खोटं ठरलं का?"

"नाही. तसा विचारही आला नाही."

"नऊ महिन्यांच्या घडणीत तुला देवाचा हात दिसतो. मग ४५४ कोटी वर्षांच्या पृथ्वीवर तो का दिसू नये?" बराच वेळ तो बोलला नाही. पुढच्या भेटीत त्याने सांगितलं की त्या रात्री कित्येक दिवसांनी त्याने प्रार्थना केली.

एक प्रश्न मात्र खरोखरच अवघड आहे आणि मी तो सोपा करून सांगत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण. जीवाश्म तर सांगतात की माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून प्राणी मरत होते. काही विश्वासणारे म्हणतात, पौल देवापासून तुटण्याच्या मरणाबद्दल बोलतो. काही जण आदामाला साऱ्या मानवजातीचा प्रतिनिधी मानतात, तर काही त्याच्या गोष्टीत प्रत्येक माणसाची गोष्ट वाचतात. कॅथलिक चर्चमध्ये पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला मोकळीक दिली, पण आत्मा थेट देवाकडून येतो हे ठामपणे सांगितलं. यातलं काय धरावं हे मी त्याच्यासाठी ठरवलं नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचे शेवटचे अध्याय मात्र वाचायला दिले. तिथे देव दुःखाचा खुलासा करत नाही. शिकार शोधणारी सिंहीण, भुकेने ओरडणारी कावळ्याची पिल्लं, रक्त पिणारी गरुडाची पिल्लं दाखवतो. तेही त्याचंच जग.

भीती ओसरली आणि दुसरंच दुखणं सुरू झालं. तो मंडळीतल्या जुन्या लोकांची टर उडवू लागला. "यांना काही कळत नाही," हे वाक्य दर भेटीत यायचं. मला हे त्याच्या शंकेपेक्षा गंभीर वाटलं आणि मी तसं बोलले. इब्री लोकांस पत्रात दूध पिणारी मुलं आणि जड अन्न पचवणारी प्रौढ माणसं यांचा फरक सांगितला आहे. प्रौढांची खूण तिथे जास्त माहिती ही नाही. बरंवाईट ओळखायचा सराव झालेलं मन, ही आहे. मी त्याला विचारलं, तू अंथरुणाला खिळला होतास तेव्हा कोण आलं होतं? त्याने ज्यांची नावं घेतली, त्यातले निम्मे लोक सहा दिवस अक्षरशः मानणारे होते.

शेवटी तो वडिलांशी बोलला. मी सुचवलं होतं की पुरावे मांडायला जाऊ नकोस, तुला काय होत होतं ते सांग. वडील म्हणाले, "मला हे पटत नाही, पटेल असंही वाटत नाही. पण प्रभुभोजन का सोडलंस ते आज कळलं. मी रागावेन असं वाटलं होतं का?" तो हो म्हणाला.

आता तो पुन्हा प्रभुभोजन घेतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर बापलेकांचं अजून जमत नाही; वडील पौलाचा शब्द सोडत नाहीत, हा जीवाश्म सोडत नाही. पण आता ते दोघं हा अध्याय एकत्र बसून वाचतात.