रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर समुद्रापासून इतकं आत असूनही बंदर कसं काय होतं?

खाडीमुळे. जैतापूरजवळ समुद्राला मिळणारी खाडी थेट राजापूरपर्यंत आत येते. भरतीच्या पाण्यावर गलबतं गावापर्यंत पोचायची आणि अणुस्कुरा घाटातून देशावरचा माल खाली उतरायचा. घाट आणि खाडी जिथे भेटतात तिथे पेठ वाढणारच. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथे वखार घातली ती मिरी आणि कापडासाठी. पण 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा याच वखारीच्या इंग्रजांनी तिथे जाऊन गडावर तोफा डागल्या. शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापूरवर चाल करून वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. माझ्या मते ती निव्वळ लूट नव्हती. व्यापारी म्हणून आलात तर व्यापारच करा, हा त्यातला स्पष्ट इशारा होता.

पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपलं. गाव मात्र आजही पाण्याच्याच लयीवर चालतं. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली नद्या फुगल्या की जवाहर चौकात पाणी शिरतं, व्यापारी रातोरात माल वर चढवतात आणि पूर ओसरला की दुकानं पुन्हा लागतात. उन्हाळे गावात अधूनमधून प्रकटणाऱ्या गंगेसाठी, धूतपापेश्वराच्या देवळासाठी लोक येतात, पण जुनी पेठही निवांत पायी बघावी.