कटक मंडळ म्हणजे काय, आणि तिथे नगरसेवक असतो का?

प्रश्न असा आला आहे : 'एका शासन निर्णयात "महानगरपालिका, नगरपरिषदा व कटक मंडळे" असं वाचलं. कटक तर ओडिशात! मग हे कटक मंडळ म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डच का? तसं असेल तर छावणी हा सरळ शब्द का नाही घेतला? आणि तिथल्या निवडून आलेल्या माणसाला नगरसेवक म्हणणं बरोबर आहे का? शिवाय, कटक मंडळ जोडून लिहायचं की तोडून?'

होय, कॅन्टोन्मेंट बोर्डच. महाराष्ट्रात अशी सात आहेत : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर (आता अहिल्यानगर), औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि कामठी.

आता कटक. हा शब्द कुणा भाषांतरकाराने काल-परवा घडवलेला नाही. संस्कृतात कटक म्हणजे कडं, वलय. आपल्या हातातलं 'कडं' त्यातूनच आलं. त्याच कटकाला डोंगराचा उतार, सैन्य, सैन्याचा तळ आणि राजधानी असेही अर्थ आहेत. राजा जिथे फौजेसह राहतो ते कटक. ओडिशातल्या शहराचं नाव याच अर्थाने पडलं. 'अटक ते कटक' म्हणताना आपण मराठी सत्तेची दोन टोकं सांगतो, पण त्यातलं एक टोक मुळात लष्करी तळाचं नाव आहे हे सहसा लक्षात येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. यादवांची देवगिरी हीसुद्धा कटकच होती. लीळाचरित्रात देवगिरीचा उल्लेख कटक असा येतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा त्याने शहराचे तीन भाग सांगितले : दौलताबाद, किल्ला आणि 'कटक'. म्हणजे हे नाव परदेशी प्रवाशाच्या कानावर पडण्याइतकं चालतं होतं. त्या देवगिरीजवळच्या संभाजीनगरच्या कॅन्टोन्मेंटला मात्र गाव 'छावणी' म्हणतं. कटक या नावावर ज्या मुलखाचा इतका जुना हक्क, त्यानेच ते टाकून दिलं!

छावणीवर माझा राग नाही. उलट हा शब्द मला जास्त आवडतो. छावणे म्हणजे आच्छादणे, वर छप्पर घालणे. आज आपण शाकारणी म्हणतो, जवळपास तेच काम. मराठी फौजा दसऱ्याला मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यात कुठेतरी गवताची छपरं घालून मुक्काम करत. तो मुक्काम म्हणजे छावणी. चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र अनेकांनी शाळेत वाचलं असेल. दाणा, गवत, भाजी लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला काडीचा त्रास देऊ नका, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा पेटता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, हेही आहे. छावणी या शब्दातलं गवत त्या उंदरामुळे मला कायम डोळ्यांसमोर दिसतं. छावणीला शेजारी रयत असते आणि तिच्याशी कसं वागायचं हे ठरवून द्यावं लागतं, ही जाणीवही त्या पत्रात आहे.

तरीही संस्थेच्या नावासाठी छावणी अपुरी पडते. तिच्यात तात्पुरतेपणा मुरलेला आहे. दुष्काळातली चारा छावणी पाऊस पडला की उठते. दोनशे वर्षं एका जागी असलेल्या, स्वतःच्या शाळा-दवाखाने चालवणाऱ्या आणि घरपट्टी घेणाऱ्या संस्थेला तो शब्द तोकडा वाटतो. हिंदीत 'छावनी परिषद' रूढ आहे आणि आपल्याकडच्या पाट्यांवरही ते दिसतं, पण ते केंद्र सरकारचं हिंदी आहे. इंग्रजी कॅन्टोन्मेंट फ्रेंचमधल्या 'कोपरा, भाग' या अर्थाच्या शब्दावरून आला. स्वित्झर्लंडची कँटन त्याच घरातली. त्यात ना सैन्य, ना छप्पर.

बोलण्यात यातलं काहीच नसतं. पुण्यात विचाराल तर 'कॅम्प' किंवा 'लष्कर'. कॅम्पात राहणारा माणूस 'बोर्डाचा दवाखाना', 'बोर्डाची शाळा' म्हणतो, कटक त्याच्या तोंडी येत नाही. पण त्याच्या गल्ल्यांची नावं अजून फौजेच्या रसदीची आहेत. पुणे कॅम्पात मोदीखाना आहे, म्हणजे शिधा-सामग्रीचं कोठार, आणि त्याच्या जोडीला नवा मोदीखानाही. गावोगावचा 'सदर बाजार' हासुद्धा लष्करी वसाहतीचा मुख्य बाजार. साताऱ्यात आज कटक मंडळ नाही, सदर बाजार मात्र आहे.

आता नगरसेवक. इथे शब्दाचा प्रश्न थेट कारभाराचा होतो.

माझ्या मामाने एकदा रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दल अर्ज लिहिला. मायना होता, 'मा. नगरसेवक साहेब'. कचेरीतल्या कारकुनाने तो शब्द पेन्सिलीने खोडला आणि वर लिहिलं : सदस्य. मामा चिडला. दिवे महिनाभर बंद, आणि यांना शब्दाची पडली आहे! मला मात्र वाटतं, दिव्यांबाबत मामा बरोबर होता आणि शब्दाबाबत कारकून.

कारण असं. पालिकेत सभागृह निवडून आलेल्यांचं असतं, प्रमुखही लोकांतून किंवा त्या सभागृहातून येतो. कटक मंडळ 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने चालतं. संविधानाच्या केंद्रसूचीत तिसऱ्याच नोंदीत हा विषय आहे, त्यामुळे मुंबईच्या विधिमंडळाचा कायदा तिथे पालिकेसारखा चालत नाही. पन्नास हजारांहून जास्त वस्तीच्या मंडळात लोकांनी निवडलेले आठ असतात. समोर तितकेच, आठ, पदसिद्ध किंवा नेमलेले : स्थानिक लष्करी तळाचा प्रमुख अधिकारी अध्यक्ष म्हणून, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि तीन लष्करी अधिकारी. लोकांतून आलेल्याला चढता येणारी सर्वांत वरची पायरी उपाध्यक्षपदाची. खासदार-आमदार निमंत्रित म्हणून बसतात, पण त्यांना मत नाही. नागरी वस्तीसाठी एक समिती असते आणि तिचा अध्यक्ष हा उपाध्यक्ष, एवढाच काय तो लोकांच्या बाजूचा कोपरा. बघा, कँटनचा कोपरा असा सापडला!

अशा मंडळात बसणाऱ्याला नगरसेवक म्हटलं की त्याच्या हाती नसलेली सत्ता आपण शब्दाने त्याच्या पदरात टाकतो, आणि उद्या दिवा लागला नाही की शिव्याही त्यालाच. वृत्तपत्रं सर्रास नगरसेवक लिहितात. चालतं, पण अर्जात सदस्यच लिहा.

2021 च्या फेब्रुवारीत मुदत संपल्यावर निवडून आलेले घरी गेले. मग मंडळ उरलं तिघांचं : अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि एक नामनिर्देशित नागरी सदस्य. 30 एप्रिल 2023 ला मतदान होणार असं जाहीर झालं होतं, पण ती निवडणूक त्याआधीच, मार्चमध्ये, रद्द झाली. नागरी वस्त्या शेजारच्या पालिकांत विलीन करण्याचं धोरण तेव्हा पुढे आलं होतं. या काळात 'आमचे सदस्य' हे बहुवचनच कॅम्पातल्या लोकांना वापरता येईना, हेही भाषेच्याच वहीत नोंदवायला हवं.

याच कायद्यात एक सुंदर मराठी शब्द लपून आहे. अनुदान मिळवण्यासाठी आणि केंद्राच्या योजना राबवण्यासाठी मंडळ नगरपालिका 'मानलं' जातं. कायद्याच्या मराठीत अशाला 'मानीव' म्हणतात. सोसायटीवाल्यांना मानीव अभिहस्तांतरणामुळे (इमारतीची जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं 'डीम्ड कन्व्हेयन्स') हा शब्द पाठ आहे. कोरीव, रेखीव, घोटीव यांच्याच पंगतीतला. पैसे घेताना पालिका, मत देताना कटक. मानीव नगरपालिका याहून नेमकं वर्णन मला सुचलेलं नाही.

उरलं जोडून की तोडून. समास आहे, तेव्हा नियमाने 'कटकमंडळ' असं एकत्र. सरकारी कागदांत तोडून लिहितात आणि डोळ्यांना तेच सवयीचं झालं आहे, म्हणून मीही वर तसंच लिहिलं. शब्द नपुंसकलिंगी : ते कटक, कटकाचा तळ, कटकात. ओडिशातल्या शहराला जाताना मात्र आपण 'कटकला' जातो, 'कटकाला' नाही.