आजोबांच्या जुन्या .315 रायफलची नळी आतून काळी पडली आहे. तेल लावूनही गंज येतो. लायसन्स आता माझ्या नावावर झालंय. काय करू?

लायसन्स तुमच्या नावावर झालंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सरळ कामाचं सांगतो. मी नागपुरात पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा-दुरुस्त करणारा, होतो. .303 रायफलींच्या नळ्या साफ करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि तुमची इशापूरची .315 तिचीच बहीण.

तेल कमी पडत नाहीये, आत मीठ बसलंय. जुन्या काडतुसांच्या बुडाशी बार पेटवणारी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीला चिकटतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं ते हवेतली ओल ओढतं. आणि मीठ तेलात विरघळत नाही. नवा होतो तेव्हा फायरिंगनंतर नुसतं भरपूर तेल लावून मी रायफल जमा केली. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी नळीतून पांढरी चिंधी ओढून माझ्यासमोर धरली, ती विटकरी झाली होती. काही न बोलता त्यांनी उकळत्या पाण्याची किटली मागवली.

तेच तुम्ही करा. आधी चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन (काडतुसांचा डबा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढा. गंज जुना असेल तर रात्रभर तेल मुरू द्या आणि सकाळी पितळी ब्रश चेंबरकडून फिरवा. मग रायफलच्या लाकडी भागाला फडकं गुंडाळा, नळीचं तोंड बादलीत ठेवा आणि चेंबरकडून नरसाळ्याने लिटर-दीड लिटर उकळतं पाणी ओता. नळीला हात लावला तर चटका बसला पाहिजे, म्हणजे उरलेली ओल आपोआप उडते. मग कोरडी चिंधी, चार बाय दोन इंचाची, पांढरी निघेपर्यंत. शेवटी तेलाचा पातळ हात.

पुलथ्रूची, म्हणजे चिंधी नळीतून ओढायची, दोरी अगदी सरळ ओढा. ती नळीच्या तोंडाच्या कडेला घासत राहिली तर कड झिजते आणि नेम जातो. सँडपेपर नळीत घालूच नका. बारीक खड्डे राहिले तर राहू द्या, पोलाद परत भरून येत नाही.

बाहेर 45 अंश कोरडं ऊन असलं तरी कूलरच्या खोलीतली हवा दमट असते. रायफलचं कपाट त्या खोलीतून हलवा, आणि चामड्याच्या म्यानात ती ठेवू नका.