पुरस्कारप्राप्त इमारत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पर्यावरणपूरक बांधकामांविषयीच्या मागील अंकातील लेखानंतर स्थापत्य क्षेत्रातील पुरस्कार आणि स्पर्धा यांबद्दल विचारणा करणारी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही ठाण्यात सदनिका घेण्याच्या विचारात आहोत. एका प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेवर ‘ग्रीन बिल्डिंग पुरस्कारप्राप्त’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. प्रत्यक्षात इमारतीचे काम अजून चौथ्या मजल्यावर आहे. अर्धवट इमारतीला पुरस्कार मिळतो तरी कसा?

उत्तर : बहुधा तो पुरस्कार नसून मानांकन असावे, आणि तेही नकाशांच्या आधारे दिलेले प्राथमिक मानांकन. आपल्याकडे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही संस्था २००१ पासून काम करते. तिच्या मानांकनाच्या सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. ‘टेरी’ ही ऊर्जा व पर्यावरण विषयांवर संशोधन करणारी संस्था आणि केंद्र सरकारचे अक्षय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून आणलेली ‘गृह’ ही पद्धत एक ते पाच तारे देते. या दोन्ही पद्धतींत कोणाशी स्पर्धा नसते. ठरलेल्या निकषांवर पुरेसे गुण मिळाले की मानांकन मिळते. पुरस्कारात मात्र परीक्षक अनेक इमारती शेजारी ठेवून त्यांतून निवड करतात. जाहिरातीत या दोहोंची सरमिसळ होते आणि ग्राहकाला फरक कळत नाही, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

तेव्हा विकासकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : मानांकन कोणत्या संस्थेचे आहे, ते नकाशांवर दिलेले आहे की पूर्ण झालेल्या इमारतीला द्यायचे आहे, आणि अंतिम प्रमाणपत्र मिळाले नाही तर जबाबदारी कोणाची. त्याखेरीज एक आकडा अवश्य मागावा. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आलेल्या ‘इको निवास संहिते’नुसार आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात छत वगळता भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावी. प्रकल्पाच्या वास्तुविशारदाने हा हिशेब केला असेल, तर तो दाखवायला त्याला वेळ लागणार नाही. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा आहे का, स्वयंपाकघरातून हवा आरपार वाहते का आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा मासिक खर्च उद्या सोसायटीवर किती पडणार, हे प्रश्न तर कोणत्याही मानचिन्हापेक्षा महत्त्वाचे आहेत.

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातील आमच्या चोपडा तालुक्यातल्या एका कुष्ठरोग रुग्णालयाच्या इमारतीला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, असे ऐकिवात आहे. हे खरे आहे का? खेड्यातली साधी इमारत परीक्षकांच्या नजरेस आली कशी?

उत्तर : अगदी खरे आहे, आणि आपल्या राज्यातही ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही याचे वाईट वाटते. लासूर येथील या रुग्णालयाला १९९८ मध्ये आगाखान स्थापत्य पुरस्कार मिळाला. त्या वर्षी जगभरातील ७ प्रकल्पांची निवड झाली आणि त्यांतील ३ भारतातील होते : चार्ल्स कोरिया यांचे भोपाळचे विधान भवन, हिमांशु पारिख यांची इंदूरमधील झोपडपट्टी सुधारणा योजना आणि लासूरचे हे रुग्णालय. एका बाजूला राज्याचे विधिमंडळ आणि दुसऱ्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यातील कुष्ठरुग्णांचा निवारा, या दोन वास्तू एकाच यादीत सन्मानाने शेजारी बसल्या.

रुग्णालयाची रचना पेर क्रिस्टियान ब्रिनिल्डसेन आणि यान ओलाव येन्सेन या दोन तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांनी केली. हाताशी पैसा थोडा होता आणि बांधकाम स्थानिक गवंड्यांच्या हातून व्हायचे होते. म्हणून त्यांनी दगडाच्या भिंती आणि त्यांवर विटांच्या अर्धगोल कमानदार छपरांच्या ओळी असा मार्ग निवडला. छपराच्या पाठीवर ग्लेझ्ड टाइलचे फुटके तुकडे बसवले. आपल्या गच्च्यांवर उन्हाळ्यात पाय भाजू नयेत आणि पावसाळ्यात पाणी झिरपू नये म्हणून जी चायना मोझॅक घालतात, तीच ही युक्ती : चकचकीत पृष्ठभाग ऊन परतवतो आणि टाकाऊ मालाचा उपयोग होतो. खानदेशातील एप्रिल-मे महिन्यांची कल्पना असलेल्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. कमानदार छपराला लोखंडी सळ्यांची आणि सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबची गरजही फारशी उरत नाही. खोल्या आतल्या बागेभोवती अशा रचल्या आहेत की बाहेरच्या उघड्या माळाकडे इमारतीची पाठ आहे आणि आत हिरवळ व सावली आहे. गावाने आणि कधी घरच्यांनीही दूर लोटलेल्या माणसाला अशी राखीव, सुरक्षित जागा मिळणे हा उपचाराचाच भाग आहे, असे मला वाटते.

इमारत परीक्षकांच्या नजरेस कशी आली, याचे उत्तर या पुरस्काराच्या पद्धतीत आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेला हा पुरस्कार मुस्लिम समाजाचे लक्षणीय अस्तित्व असलेल्या प्रदेशांतील वास्तूंना दर तीन वर्षांनी दिला जातो. प्रकल्पांची नावे सुचवणारे जाणकार देशोदेशी असतात. इमारत पूर्ण होऊन वापरात असावी लागते. प्राथमिक निवडीत आलेल्या प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञ स्वतः जातात, राहणाऱ्यांशी आणि काम करणाऱ्यांशी बोलतात, बांधकाम टिकले आहे का ते पाहतात आणि त्यांचा अहवाल वाचून परीक्षक मंडळ निर्णय घेते. पारितोषिकाची रक्कमही केवळ वास्तुविशारदाच्या पदरात पडत नाही. कारागीर, अभियंते, बांधकाम करून घेणारी संस्था आणि नगरपालिका यांनाही त्यात वाटा मिळू शकतो. छायाचित्रांवरून निकाल लावणाऱ्या पुरस्कारांपुढे लासूर कधीच आले नसते.

अर्थात एवढी काळजी घेऊनही पुरस्कार म्हणजे अखेरचा शब्द ठरत नाही. इंदूरच्या ज्या योजनेला त्याच वर्षी सन्मान मिळाला, तिच्या मलनिःसारण वाहिन्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर नंतर बरीच टीका झाली. उलट त्याच शहरातील वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या अरण्य वसाहतीला १९९५ मध्ये हाच पुरस्कार मिळाला, तेव्हा तिथली घरे अजून वाढतच होती. गरीब कुटुंबांना जोते, नळ-शौचालयाचा गाभा आणि फार तर एक खोली द्यायची, पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ती योजना होती. तिचे खरे परीक्षण तेथील रहिवासी पिढ्यानपिढ्या करत आहेत.

प्रश्न : आमची मुंबईतील इमारत पन्नाशीची आहे. पुनर्विकास करून ‘हरित’ इमारत उभारू, असा विकासकाचा प्रस्ताव आहे. जुनी इमारत टिकवणे पर्यावरणाच्या दृष्टीने चांगले नाही का? अशा कामांना पुरस्कार मिळतात का?

उत्तर : संरचनात्मक तपासणीत इमारत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल, तर हा प्रश्नच उरत नाही, माणसांचा जीव आधी. तसे नसेल, तर आपली शंका रास्त आहे. उभ्या इमारतीतील सिमेंट, पोलाद आणि विटा तयार करताना जे इंधन जळायचे ते जळून गेलेले असते. ती पाडली की राडारोडा उरतो आणि तेवढेच, किंबहुना अधिक इंधन नव्याने जाळावे लागते. नवी इमारत विजेची बचत कितीही करो, ही तूट भरून यायला अनेक वर्षे जातात. हरित मानांकनाच्या जाहिरातींत या हिशेबाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

पुरस्कारांच्या जगात मात्र हा विचार आता ठामपणे मांडला जात आहे. फ्रान्समधील बोर्दो शहरात १९६० च्या दशकातील तीन मोठ्या सरकारी गृहनिर्माण इमारती अन् लकाटाँ, ज्याँ-फिलिप वासाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न पाडता सुधारल्या. तेथील ५३० घरांना बाहेरच्या बाजूने सुमारे ३.८ मीटर खोलीचे काचेचे सज्जे जोडले, त्यामुळे घरे प्रशस्त आणि उबदार झाली, आणि काम चालू असताना रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. या कामाला २०१९ मध्ये युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये लकाटाँ व वासाल स्थापत्यातील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या प्रित्झकर पारितोषिकाचे मानकरी ठरले. आपल्याकडे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी युनेस्कोचे आशिया-प्रशांत पुरस्कार आहेत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये त्यांतील सर्वोच्च श्रेणीचा सन्मान मिळाला. पण हे वारसा वास्तूंपुरते झाले. साध्या, पन्नास वर्षांच्या, चार मजली सोसायटीची उत्तम दुरुस्ती करणाऱ्याला मोठा सन्मान मिळावा, अशी माझी तीव्र इच्छा आहे, कारण आपल्या शहरांत अशाच इमारतींची संख्या मोठी आहे.

प्रश्न : मी सांगलीत वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. समाजमाध्यमांवर रोज नव्या स्पर्धा दिसतात. त्यांत भाग घ्यावा का?

उत्तर : निवडून घ्यावा. परीक्षकांची नावे आधी जाहीर झालेली नाहीत, प्रवेशशुल्क भरमसाट आहे, बक्षिसांचे विभाग डझनावारी आहेत आणि आराखड्याचे सर्व हक्क आयोजकाकडे जातील अशी अट आहे, अशी स्पर्धा सरळ सोडून द्यावी. तिथे तुमचे श्रम आणि वडिलांचे पैसे दोन्ही वाया जातात.

ज्या स्पर्धेत आकडे मांडावे लागतात, ती शिकवते. अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झालेल्या सोलर डेकॅथलॉनमध्ये विद्यार्थ्यांना सौर ऊर्जेवर चालणारे घर खरोखर उभारावे लागे आणि आतील तापमान, आर्द्रता, विजेचा वापर हे सारे मोजले जाई. या स्पर्धेच्या २०१४ च्या युरोपीय आवृत्तीत आयआयटी मुंबई आणि मुंबईतील अकॅडमी ऑफ आर्किटेक्चर यांचा ‘टीम शून्य’ हा संघ आपले घर घेऊन फ्रान्समधील व्हर्साय येथे उतरला होता. २०२० पासून सोलर डेकॅथलॉन इंडिया ही स्पर्धा आपल्या हवामानासाठी होते आणि तीत संघांना प्रत्यक्ष प्रकल्पांवर काम करता येते. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यंत्र आणि विद्युत शाखांच्या विद्यार्थ्यांसोबत बसणे हाच मला तिचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. क्रमांक आला नाही तरी ते वर्ष वाया जात नाही.

प्रश्न : मी एका लहान नगरपरिषदेचा सदस्य आहे. सार्वजनिक वाचनालयासाठी नवी इमारत बांधायची आहे. निविदा काढण्याऐवजी खुली स्पर्धा घ्यावी, असे मी सुचवले आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपली सूचना अतिशय चांगली आहे. सर्वांत कमी शुल्क मागणाऱ्याला काम देण्याच्या रिवाजामुळे आपल्या गावांतील सार्वजनिक इमारतींचे किती नुकसान झाले आहे, ते डोळ्यांसमोर आहे. वास्तुविशारद परिषदेने (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत, ती आधी मागवावीत. आराखड्यावर स्पर्धकाचे नाव नसावे, केवळ क्रमांक असावा, आणि परीक्षकांत वास्तुविशारदांचे बहुमत असावे, ही त्यांतील मुख्य सूत्रे आहेत. मी त्यात ग्रंथपालाचीही भर घालीन.

सर्वाधिक वेळ स्पर्धेच्या माहितीपत्रकावर द्यावा. सिडनीच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा १९५७ मध्ये निकाली निघाली, ती जगातील सर्वांत गाजलेली स्पर्धा ठरली. पण रचना उभी कशी करायची याचा उलगडा होण्याआधीच काम सुरू झाले, आणि ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १९७३ मध्ये काम संपेपर्यंत सुमारे १० कोटी २० लाखांवर गेला. लहान नगरपरिषदेला हे परवडणार नाही. बांधकामाची कमाल रक्कम, जागेवरची झाडे, पाण्याची उपलब्धता, दुपारी दिवा न लावता वाचता आले पाहिजे ही अट आणि वार्षिक देखभालीसाठी किती पैसे आहेत, हे सारे लिहून द्यावे.

उदाहरण हवे असेल तर इंग्लंडमधील नॉर्विच शहराचे घ्यावे. तेथील गोल्डस्मिथ स्ट्रीट या जागेसाठी २००८ मध्ये स्पर्धा झाली. पुढे मंदी आली, खासगी विकासकांमार्फत काम होईना, तेव्हा नगर परिषदेने स्वतःच सुमारे १०० भाड्याची घरे बांधली. विजेत्या मिखाइल रिचेस या कार्यालयाने कॅथी हॉली यांच्यासह ती पॅसिव्हहाउस या कडक ऊर्जा निकषांनुसार बसवली. थंड वारा आत शिरू नये म्हणून पत्रपेटीची फटसुद्धा दारात न ठेवता बाहेरच्या पोर्चमध्ये ठेवली आहे. २०१९ मध्ये ब्रिटनचे मानाचे स्टर्लिंग पारितोषिक या वसाहतीला मिळाले, सामाजिक गृहनिर्माणाला, म्हणजे परवडणाऱ्या भाड्याच्या सार्वजनिक घरांना, ते प्रथमच मिळत होते.

आणखी एक अट ठरावातच घालून घ्यावी. विजेत्याला काम दिले जाईल की केवळ बक्षीस, हे जाहिरातीत निःसंदिग्ध लिहावे आणि काम दिले जाणार असेल, तर बक्षिसाची रक्कम शुल्कात वळती होईल का, तेही सांगावे. याबाबत संदिग्धता राहिली, तर अनुभवी वास्तुविशारद अर्जच करत नाहीत आणि स्पर्धा कागदावर राहते.