डोस नंतर, आधी पत्ता

अगं,

तुझा मेल वाचला. पॉली आय-सीचा डोस किती ठेवू, असं विचारलंयस. डोसचं नंतर बघू. तुझ्या पेशींना ते कुठे भेटणार आहे, ते आधी सांग.

हा रेणू म्हणजे विषाणूचं सोंग. आरएनएच्या दोन साखळ्या, एक इनोसिन या घटकाची, दुसरी सायटिडिनची, दोघी एकमेकींना चिकटलेल्या. त्यात जनुक नाही, प्रथिनाचा निरोप नाही. पण दुपदरी आरएनएचे असे लांब धागे पेशीत दिसतात ते बहुतेक विषाणू वाढत असतानाच. म्हणून पेशी दचकते आणि इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्धचा धोक्याचा इशारा देणारं प्रथिन, सोडते. मर्क या औषध कंपनीतल्या मॉरिस हिलमन यांच्या गटाने हे १९६७ मध्येच दाखवलं होतं.

आता पत्त्याचं. पेशी ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमात नुसतं टाकलंस तर पेशी ते गिळते आणि एंडोसोममधला, म्हणजे गिळलेला माल ठेवायच्या पिशवीतला, टीएलआर३ हा पहारेकरी ते ओळखतो. लिपिडमध्ये गुंडाळून आत पोचवलंस तर सायटोप्लाझममधला, म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवातला, एमडीए५ हा दुसरा पहारेकरी जागा होतो. रेणू तोच, पण वाट वेगळी आणि निकालही वेगळा. 'पॉली आय-सी दिलं' एवढंच वहीत लिहिलंस तर सहा महिन्यांनी तुझं तुलाच कळणार नाही काय केलं होतंस.

माझी एक फजिती सांगते. उंदराच्या मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवर, तीन आठवडे सुरेख टीएनएफ (दाह पेटवणारं प्रथिन) मिळत होता. मी खूश! मग एका ज्युनिअरने सहज विचारलं, नुसतं विरघळवायचं पाणी घातलेली वेल (प्लेटमधला खळगा) कुठाय? नव्हतीच. घालून पाहिली, तर टीएनएफ तिथेही भरपूर. पाण्यातच एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचाचं विष, होतं. तीन आठवडे मी जिवाणूंच्या उष्ट्यावर प्रबंध लिहीत होते. आणखी एक, पॉली आय-सी विरघळवल्यावर सूचनेप्रमाणे गरम करून ते हळूहळू थंड होऊ दे. लगेच बर्फात खुपसलंस तर साखळ्या नीट जुळत नाहीत.

कॅन्सरकडे येते, कारण तुझी खरी ओढ तिकडेच आहे. हे औषध गाठ मारतं असं घरी सांगू नकोस. मारायचं काम मुख्यतः टी-पेशींचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिकांचं. हे फक्त त्यांची शिकवणी घेणाऱ्या डेंड्रायटिक पेशींना जागं करतं, आणि जाग्या झालेल्या पेशीच्या हातात गाठीचा तुकडा नसेल तर ती शिकवणार तरी काय? २०१७ मध्ये बॉस्टनला कॅथरीन वू आणि पॅट्रिक ऑट यांच्या गटाने मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) सहा रुग्णांना त्यांच्याच गाठीतल्या जनुकीय बदलांवरून बनवलेले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, दिले, पॉली-आयसीएलसी या पॉली आय-सीच्या टिकाऊ रूपासोबत. चौघांचा आजार २५ महिन्यांपर्यंत परतला नाही. दोघांचा परतला, पण पीडी-१ हा टी-पेशींचा ब्रेक रोखणारं औषध दिल्यावर त्यांच्या गाठी पूर्ण विरल्या. छान आहे, पण माणसं सहाच, आणि सगळ्यांची शस्त्रक्रिया आधीच झालेली.

पॉली-आयसीएलसीतलं 'एलसी' हे शेपूट उगाच नाही. उंदरात चालणारं साधं पॉली आय-सी माणसाच्या रक्तातली एन्झाइम्स पटापट तोडतात. १९७५ मध्ये हिल्टन लेव्ही यांनी त्याला पॉलिलायसिन आणि कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजचं चिलखत चढवलं. तेव्हा उंदराचा आलेख दाखवताना जरा दबकूनच.

क्रमही महत्त्वाचा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या जोशुआ ब्रॉडी यांच्या २०१९ च्या कामात लिम्फोमाच्या (लसीका पेशींच्या कॅन्सरच्या) अकरा जणांच्या एका गाठीत आधी एफएलटी३एल हे डेंड्रायटिक पेशी वाढवणारं प्रथिन टोचून त्या पेशी गोळा केल्या, मग थोडं रेडिएशन देऊन मरत्या पेशींचा माल मोकळा केला आणि त्यानंतर पॉली-आयसीएलसी. काहींच्या तर हात न लावलेल्या गाठीही आक्रसल्या. हाका मारण्याआधी माणसं आणि सामान जागेवर हवं, एवढंच.

शुक्रवारपर्यंत प्लेटचा नकाशा पाठव. पाण्याच्या वेलला लाल खूण कर, मी आधी तीच शोधणार आहे.