चहाला गुण द्यायचे कसे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न (नेरूळ): घरात चार कंपन्यांच्या चहा पावडरी आणून ठेवल्या आहेत. सोमवारी एक आवडते, बुधवारी तीच नकोशी वाटते. चांगली कोणती हे ठरवायचं कसं?

उत्तर: रोजच्या चहात पावडर सोडून बाकी सगळंच हलत असतं. कधी चमचा शीग भरून, कधी सपाट. कधी उकळी दोन मिनिटं, कधी फोन आला म्हणून सहा. दूध कधी सायीचं, कधी पातळ. इतक्या गोष्टी बदलल्यावर जिभेला पावडरींतला फरक कळणार कसा? म्हणून तुलना करायच्या दिवशी पावडर सोडून बाकी सगळं सारखं ठेवायचं.

चहाची तुलना करण्यासाठी आयएसओ 3103 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते 1980 साली पहिल्यांदा निघालं. त्यात 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम चहा, नुकतंच उकळलेलं पाणी आणि झाकून 6 मिनिटं, असं प्रमाण दिलं आहे. हा काही पिण्याचा रुचकर चहा नव्हे. मुद्दाम कडक काढलेला असतो, म्हणजे दोष लपत नाहीत.

घरी करताना एकाच मापाचे चार पेले किंवा स्टीलच्या वाट्या घ्या, वर झाकायला बशा. पावडर मात्र वजन करूनच घ्या. चमच्याने मोजलं तर बारीक पावडर जास्त जाते आणि मोठ्या दाण्याची कमी, आणि मग बारीक पावडरच ‘कडक’ ठरते. 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा मिळतो, तो पुरतो. एका पातेल्यात सगळ्यांसाठी मिळून पाणी उकळा, प्रत्येक पेल्यात 100 मिली ओता आणि घड्याळ लावा. ओतायला लागणारा वेळ लक्षात घेऊन, ज्या क्रमाने ओतलं त्याच क्रमाने गाळा. पहिला पेला साडेसहा मिनिटं आणि शेवटचा साडेपाच मिनिटं मुरला, तर पहिला विनाकारण तुरट लागेल.

गाळल्यावर लगेच पिऊ नका. चटका बसला की पुढचे पेले फुकट गेले. ओठाला सहन होईल इतपत निवू द्या, चमच्याने थोडा घ्या आणि आवाज करत जोरात ओढा. तसं ओढल्याने चहाचे तुषार सगळ्या तोंडात पसरतात आणि वास घशामागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासच असतो. मग तोच चहा कोमट झाल्यावर पुन्हा चाखा. गरम असताना झाकलेला धुरकटपणा किंवा कुबट वास कोमट चहात उघडा पडतो.

एका बैठकीत चार, फार तर पाच चहा. पुढे तुरटपणाने जीभ बधिर होते. मध्ये कोमट पाण्याची चूळ आणि दोन-चार मुरमुरे. आधी तासभर पान, कांदा, आल्याचा काढा नको.

दुधाचाच चहा पिणार असाल तर निकालही दुधातच लावा. गाळलेल्या प्रत्येक 100 मिलीत 20 मिली गरम दूध घाला. सगळ्यांत एकाच पिशवीतलं. टोन्ड दुधात 3 टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये 6, त्यामुळे अदलाबदल चालणार नाही. साखर अजिबात नको. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून कोरा असताना घशाला लागणारा आसामचा सीटीसी (यंत्रात चिरडून गोळीसारखा केलेला दाणेदार चहा) दुधात गोडसर, भरीव होतो आणि नाजूक चहा दुधात दिसेनासा होतो.

प्रश्न (कोपरखैरणे): सोसायटीत टँकर येतो त्या दिवसांत चहा काळपट होतो आणि वर तवंग येतो. पावडर तीच, दूध तेच. पावडरच खराब लागली का?

उत्तर: पावडरीला दोष देऊ नका, पाणी बघा. नवी मुंबईला मोरबे धरणातून येणारं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस. ते हलकं असतं. टँकर बोअरवेलचं पाणी आणत असेल तर त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात, म्हणजे ते जड असतं. उजेडात कप तिरका करून बघा: पृष्ठभागावर तेलकट, तपकिरी पापुद्रा दिसेल, चमच्याने मोडला तर त्याचे तुकडे होतील आणि कपाच्या कडेला डागाची रेघ राहील. चहातली पॉलिफेनॉल (तुरट द्रव्यं), पाण्यातलं कॅल्शियम आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यातून हा पापुद्रा तयार होतो. असं पाणी अल्कधर्मी असल्याने रंग गडद होतो, पण चमक जाते आणि चव सपाट लागते. कोऱ्या चहात लिंबाचे दोन थेंब टाकून पाहा. पापुद्रा विरतो आणि रंग उजळतो. तसं झालं की कारण पाणीच, हे पक्कं.

उपाय म्हणून सरसकट आरओचं पाणी वापरणं मात्र आम्हाला पटत नाही. क्षार फारच कमी झाले की चहा चकचकीत दिसतो, पण तुरटपणा टोचायला लागतो आणि अंगात भरीवपणा राहत नाही. पिण्यायोग्य नळाचं आणि आरओचं पाणी निम्मं निम्मं करून पाहा. टीडीएस मीटर असेल तर 50 ते 150च्या दरम्यान बरं जमतं, पण तो मीटर सगळे विरघळलेले क्षार मोजतो, नुसतं जडपण नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि दोन वेगळ्या दिवशी दिलेले गुण शेजारी ठेवायचे असतील, तर दोन्ही दिवशी पाणी एकच हवं.

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे): मुलीने दार्जिलिंगचा महागाचा चहा आणला. नेहमीसारखा दूध-साखर घालून उकळला तर पाणचट झाला, शिवाय कडू. यात नावाजण्यासारखं काय आहे?

उत्तर: तो चहा उकळण्यासाठी बनलेलाच नाही. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात खुडलेली पहिली पालवी, म्हणजे फर्स्ट फ्लश, बरीचशी हिरवट राखतात. तिचं सगळं मोल वासात, आणि उकळताना तोच वाफेबरोबर निघून जातो. मागे उरतो कडवटपणा. 150 मिली पाण्याला 2 ग्रॅम घ्या. पत्ती मोठी आणि हलकी असल्याने एवढ्याला दीड-दोन चमचे लागतील. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून दीड मिनिट थांबा, मग ओता, झाका, आणि 3 मिनिटांनी पूर्ण गाळा. दूध नको.

गाळल्यावर भिजलेली पत्ती फेकू नका. बशीत पसरून गरम असतानाच नाकाजवळ न्या. फर्स्ट फ्लशची पत्ती उमलून हिरवट-तपकिरी दिसते, कळीसारखी कोवळी टोकं ओळखू येतात. मे-जूनमधल्या दुसऱ्या खुडणीची तांबूस होते आणि तिला पिकलेल्या द्राक्षासारखा वास असतो. पानातला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांच्या चाव्याचाही त्या वासात हात असतो. पत्ती काळी ठिक्कर असेल किंवा करपट वास देत असेल, तर भट्टी जास्त लागली असं समजा.

घरात दोघांच्या आवडी जुळत नसतील तर वडिलांच्या कडक सीटीसीला आणि मुलीच्या दार्जिलिंगला गुणांच्या एकाच तक्त्यावर बसवू नका. दोन वेगळे तक्ते करा.

प्रश्न (वाशी): पुड्यावर बीपी, पीएफ, पीडी अशी अक्षरं असतात. त्यावरून दर्जा कळतो का?

उत्तर: कळतो तो दाण्याचा आकार. सीटीसीमध्ये बीपी मोठा दाणा, पीएफ बारीक, पीडी आणि डी, म्हणजे डस्ट, त्याहून बारीक. दाणा जितका बारीक तितका रंग आणि कडकपणा लवकर उतरतो, म्हणून हॉटेलवाले डस्ट घेतात. डस्ट म्हणजे झाडलोट नव्हे. चांगल्या मळ्याची डस्ट सुमार बीपीपेक्षा सरस निघते. दार्जिलिंगच्या पुड्यावरची एफटीजीएफओपी1 ही लांबलचक अक्षरं अखंड पानाची आणि त्यात कळ्या असल्याची खूण. तिथेही चव अक्षरांवर नाही, खुडणीचा महिना आणि साल यावर बघा. ते छापलेलं नसेल तर महागडा पुडा घेऊ नका.

प्रश्न (ऐरोली): आम्ही पाच-सहा मैत्रिणी मिळून चहा चाखणार आहोत. गुणांचा तक्ता कसा करावा?

उत्तर: कोऱ्या चहाला 20 पैकी गुण द्या: कोरडी पत्ती 2, भिजलेल्या पत्तीचा वास 4, रंग आणि चमक 3, चव 6, गिळल्यावर मागे राहतं ते 5. दुधाच्या चहाला: दूध घातल्यावरचा रंग 4, चव 8, भरीवपणा 5, मागे राहणारी चव 3. तुरटपणा आहे म्हणून गुण कापू नका. चांगला तुरटपणा अर्ध्या मिनिटात ओसरतो आणि तोंड ताजं वाटतं. वाईट तुरटपणा टाळूला चिकटून कोरड पाडतो.

निवल्यावर आसामचा कडक चहा गढूळ झाला तर तो दोष समजू नका. कॅफीन आणि चहातली रंगद्रव्यं एकमेकांना धरतात म्हणून ढगाळपणा येतो. अंगाने जड असलेल्या चहाचीच ती खूण आहे. निलगिरीचा चहा थंड झाल्यावरही बहुधा नितळ राहतो, म्हणून आइस्ड टीसाठी तो घ्यावा.

नावं झाकणं सगळ्यात महत्त्वाचं. ओतणारी एकच, तिने चाखायचं नाही. पेल्यांच्या बुडाला खुणा करा आणि गुण लिहून होईपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. ‘अगं, हा किती छान!’ म्हटलं की पुढच्या तिघींचे गुण तिकडेच वळतात. एक चहा गुपचूप दोन पेल्यांत ठेवा. एकीने त्या दोघांत 3 गुणांपेक्षा जास्त फरक केला, तर त्या दिवशीचे तिचे गुण बाजूला ठेवा.

दोन पावडरींत फरक खरंच कळतो का, हे पाहायचं तर तीन पेले मांडा: दोनांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येतंच, म्हणून पाच वेळा करा. पाचांत चार किंवा जास्त बरोबर आले तर फरक कळतो म्हणा, कारण अंदाजाने तसं होण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी आहे. त्याहून कमी आले तर स्वस्तातली पावडर खुशाल घ्या.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): जांभळी नाक्यावरून किलोभर सुटी पावडर आणतो. पावसाळ्यात तिचा वास जातो.

उत्तर: पावसाळ्यात किलो आणू नका, पाव किलो आणा. कोरड्या चहात ओलावा अगदी थोडा, साधारण 3 टक्के असतो, आणि आपल्याकडची जुलैची हवा तो भराभर वाढवते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तोही गच्च भरलेला. अर्धा रिकामा डबा म्हणजे आत दमट हवा. मसाल्याच्या, हिंगाच्या शेजारी ठेवू नका, फ्रीजमध्ये तर नकोच. बाहेर काढला की पाणी सुटतं. वाफ येणाऱ्या पातेल्यावर डबा उघडून चमचा बुडवायची सवय सगळ्यात जास्त नुकसान करते.

प्रश्न (कळवा): आलं घातलं की कधी कधी दूध फाटतं. दूध तर ताजं असतं.

उत्तर: कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ठेचलेलं आलं आधी पाण्यात 2-3 मिनिटं खळखळ उकळा, म्हणजे ते निकामी होतं, दूध त्यानंतर. गुळाचा चहा असेल तर गूळ गॅस बंद केल्यावर, चहा जरा निवल्यावर घाला. आणि पावडरींना गुण द्यायच्या दिवशी आलं, वेलची, गवती चहा काहीच नको. आल्यापुढे साधारण पावडरही चांगली वाटते.