‘सीमापार नादारी’ की ‘आंतरराष्ट्रीय दिवाळखोरी’?

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीचे हिशेब पाहणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, माल घेतलेली परदेशी कंपनी देणी थकवून तिकडच्या न्यायालयात गेली, तर मालकांसाठी लिहायच्या मराठी टिपणात ‘क्रॉस-बॉर्डर इन्सॉल्व्हन्सी’ला ‘आंतरराष्ट्रीय दिवाळखोरी’ म्हणावे का. माझे मत ‘सीमापार नादारी’च्या बाजूचे आहे.

‘दिवाळे’ हा शब्द इथल्या बाजारपेठेत सर्वांना कळतो, कारण कन्नडातही त्या अर्थी ‘दिवाळी’ म्हणतात. पण दिवाळे वाजले म्हणजे सारे संपले, असा त्याचा सूर आहे आणि त्यात लबाडीचा संशयही मिसळतो. ‘नादार’ म्हणजे फारसीत ‘ज्याच्यापाशी नाही तो’. गरीब विद्यार्थ्याच्या फीमाफीलाही पूर्वी शाळांत ‘नादारी’च म्हणत, आणि त्यात दोषारोप नव्हता. आपल्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतही हा भेद पाळलेला आहे: कंपनीची नादारी निवारण प्रक्रिया चालते आणि तीतून कंपनी वाचूही शकते, तर ‘दिवाळखोर’ ही संज्ञा व्यक्ती आणि भागीदारी संस्थांच्या भागात येते. अमेरिकेत मात्र ‘बँकरप्सी’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो; म्हणून तिथल्या त्या कायद्याच्या चॅप्टर ११ खाली कारभार चालू ठेवून कर्जाची फेररचना करणाऱ्या कंपनीचेही आपल्या बातम्यांत दिवाळे निघते.

‘आंतरराष्ट्रीय’ मला त्याहून अधिक खटकते, कारण सर्व देशांवर चालणारा असा एक कायदाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने, म्हणजे अनसिट्रालने, १९९७ मध्ये तयार केला तो करार नव्हे, नमुना कायदा आहे. एखाद्या देशाने तो आपल्या कायद्यात उतरवला तरच तिथे लागू होतो, जसा अमेरिकेने २००५ मध्ये, ग्रेट ब्रिटनने २००६ मध्ये आणि सिंगापूरने २०१७ मध्ये उतरवला. युरोपीय संघाचा नादारीविषयीचा २०१५ चा विनियम मात्र डेन्मार्क वगळता सदस्य देशांना थेट बांधतो. कोणत्या धनकोला, म्हणजे पैसे येणे असलेल्याला, किती वाटा मिळावा हे नमुना कायदा ठरवत नाही. परक्या देशातील प्रक्रियेला मान्यता कशी द्यावी, न्यायालयांनी परस्परांना सहकार्य कसे करावे, एवढेच तो सांगतो. परदेशी धनकोला केवळ परदेशी म्हणून मागे सारू नये, हे त्यातील तेरावे कलम उद्यमबागेच्या थेट कामाचे आहे.

कोणत्या देशातील प्रक्रिया मुख्य मानायची हे ज्यावरून ठरते आणि ज्याला इंग्रजीवरून ‘मुख्य हितसंबंधांचे केंद्र’ म्हणतात, त्यासाठी टिपणात ‘मुख्य कारभाराचे ठिकाण’ लिहावे, कारण मराठीत ‘हितसंबंध’ म्हटले की मनात पहिल्यांदा संशयच येतो. विरुद्ध पुरावा नसेल तर नोंदणीकृत कार्यालय हेच ते ठिकाण मानतात, आणि तिथली प्रक्रिया मुख्य ठरते. जेट एअरवेजच्या प्रकरणात हे स्पष्ट दिसले. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने कंपनीला दिवाळखोर ठरवले असतानाच मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात भारतीय प्रक्रिया सुरू झाली, आणि न्यायाधिकरणाने डच प्रक्रिया आधी अमान्य केली. भारताने तेव्हा नमुना कायदा स्वीकारलेला नव्हता; संहितेची २३४ आणि २३५ ही कलमे इतर देशांशी करार आणि तिथल्या न्यायालयांना पाठवायचे विनंतीपत्र यांपुरतीच होती. तरीही अपिलीय न्यायाधिकरणाने त्याच वर्षी डच प्रशासक आणि भारतीय निराकरण व्यावसायिक (इथली नादारी प्रक्रिया चालवणारा) यांच्यातील सहकार्याच्या मसुद्याला मान्यता दिली आणि भारत हेच मुख्य ठिकाण धरले.

‘सीमापार’बद्दल एक अडचण खरीच आहे: आपल्या भागात ‘सीमा’ म्हटले की चंदगड-निपाणीची हद्द आणि सीमाप्रश्नच आठवतो. मात्र कोल्हापूरच्या कंपनीने बेळगावच्या कारखान्याचे पैसे थकवले, तर ती सीमापार नादारी नव्हे. संहिता तीच लागते, फक्त प्रकरण बंगळुरूऐवजी मुंबईच्या पीठापुढे जाते. म्हणून टिपणात पहिल्यांदा ‘देशाच्या सीमेपार गेलेली नादारी’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे ‘सीमापार नादारी’ खुशाल वापरावे.